डोस वाढवण्याआधी थेंब पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बहुस्तरीय वेष्टनांच्या पुनर्वापराचा विषय निघाला की ‘कंपॅटिबिलायझर (एकमेकांत न मिसळणारी प्लास्टिके जोडणारा पदार्थ) टाका, पॉलिथिन आणि नायलॉन एकजीव होतात’ असे सर्रास सांगितले जाते. या समजापायी पुष्कळ माल वाया जातो. या कंपॅटिबिलायझरमधले, पॉलिथिनच्या साखळीवर चढवलेले मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड नायलॉनच्या अमाइन टोकांशी जुळते ते फक्त दोघांच्या सीमेवर. सीमाच तोकडी असेल तर जास्तीचा डोस नुसता पॉलिथिनमध्ये पडून राहतो.

हिशेब करून पाहा. आकारमानाने २० टक्के नायलॉन असेल आणि पॉलिथिनमध्ये विखुरलेले त्याचे थेंब १० मायक्रॉन व्यासाचे असतील, तर घनसेंटिमीटरमागे सीमा मिळते ०.१२ चौरस मीटर. थेंब १ मायक्रॉनचे झाले की तीच १.२ होते.

थेंब मोठे का राहतात? पॉलिथिन ११० ते १३० अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉन-६ ला २२० लागतात. तोवर त्याचे तुकडे पॉलिथिनमध्ये खड्यांसारखे फिरतात. मिश्रण यंत्राच्या स्क्रूवरचे नीडिंग ब्लॉक (माल मळणारे भाग) त्याआधीच संपले तर त्यांनी फक्त खडे ढवळलेले असतात. नायलॉन वितळल्यावरही त्याची श्यानता (घट्टपणा) भोवतालच्या वितळलेल्या पॉलिथिनच्या सुमारे ४ पटींहून जास्त असेल, तर साध्या कातर प्रवाहात (ज्यात थर एकमेकांवरून घसरतात) थेंब फुटत नाही, जागीच गरगरतो. त्याला ओढून लांबवणारा प्रवाह हवा. शिवाय जुळलेल्या साखळ्यांचा थर थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही हे खरे, पण दाट झाला की तोच पुढच्या साखळ्यांची वाट अडवतो. मग नुसता वेळ वाढवून फारसे हाती लागत नाही. नवी सीमा उघडावी लागते.

ओलाव्याचे तर विचारूच नका. पाण्याने अ‍ॅनहायड्राइडचे आम्ल होते आणि नायलॉनच्या साखळ्या तुटतात. नायलॉन असलेला माल ८० अंशांवर, ओलावा ०.१ टक्क्याखाली येईपर्यंत सुकवावा.

तपासणी सोपी आहे. थोडे मिश्रण हातमोजे घालून, वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूड) ९० टक्के फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये ठेवावे. जुळणी नसेल तर नायलॉन विरघळते, पॉलिथिन वर तरंगते आणि खालचे द्रावण स्वच्छ राहते. जुळणी असेल तर ते दुधासारखे गढूळ होते व तसेच टिकते. दुसरा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडावा, त्याच अ‍ॅसिडने नायलॉन काढावे आणि उरलेली भोके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजावीत. द्रावण दुधाळ पण भोके १० मायक्रॉनची, तर दोष मिसळण्यात आहे, स्क्रूची मांडणी बदलावी. द्रावण स्वच्छच राहिले, तर आधी सुकवणे तपासावे, मग डोस.

— पॉलिमर मिश्रणाच्या कामातील काही वाचक