ग्लो प्लग इंजीन पाहून निवडावा, हाताने बसवावा

संपादक महोदय,

पावसाळा संपून सड्यावरची जमीन सुकली की रेडिओ नियंत्रणावर धावणाऱ्या नायट्रो गाड्या, म्हणजे मेथनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणाऱ्या छोट्या गाड्या, घेऊन मुले बाहेर पडतात, आणि थोड्याच दिवसांत त्यांतली काही इंजिने निकामी ठरवून माळ्यावर टाकली जातात. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा बहुतेक इंजिनांत दोष इंजिनाचा नव्हता. इंधन पेटवणारा ग्लो प्लग चुकीचा निवडला होता किंवा चुकीच्या पद्धतीने बसवला होता. घरच्यांची मिनतवारी करून मिळवलेले इंजीन एवढ्याशा सुट्या भागापायी वाया जावे याची खंत वाटते, म्हणून हे पत्र.

ग्लो प्लग मोटारसायकलच्या स्पार्क प्लगसारखा दिसत असला तरी त्यात ठिणगी पडत नाही. त्याच्या तोंडाशी प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या बारीक तारेचे वेटोळे असते. सुरुवातीला साधारण १.५ व्होल्टच्या इग्नायटरने ते तापवतात, आणि इंजीन चालू झाल्यावर इग्नायटर काढून घेतला तरी ज्वलनाची उष्णता व प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मेथनॉलची होणारी प्रक्रिया यांमुळे तार तापलेलीच राहते. अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ साली हा प्लग बाजारात आणला आणि छोट्या इंजिनांसोबत कॉइल व बॅटरी वाहून नेण्याची गरज संपली. मात्र इंधन नेमके केव्हा पेटणार हे या इंजिनात मुख्यतः तारेच्या उष्णतेवर ठरते, कारण ती वेळ जुळवणारा वेगळा भागच त्यात नाही.

म्हणूनच तार किती उष्णता धरून ठेवते त्यानुसार प्लग ‘हॉट’, ‘मीडियम’ आणि ‘कोल्ड’ अशा प्रकारांत मिळतात. इंजीन लहान असेल, इंधनात नायट्रोमिथेन कमी असेल, हवा थंड असेल, तर हॉट प्लग घ्यावा. इंजीन मोठे, नायट्रो जास्त आणि हवा उष्ण असेल तर कोल्डकडे सरकावे. २.१ सीसीच्या इंजिनात हॉट प्लग सुरळीत चालतो, पण तोच ३.५ सीसीच्या इंजिनात २५ किंवा ३० टक्के नायट्रोच्या इंधनावर लावला तर मिश्रण वेळेआधी पेटते, हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) तापते आणि तार तुटते. उलट, गरजेपेक्षा कोल्ड प्लग लावला तर इग्नायटर काढताक्षणी इंजिनाचा वेग खाली येतो आणि संथ गतीत ते बंद पडते. आधी इंजिनासोबतच्या पुस्तिकेतली शिफारस पाहावी, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात गरज भासली तरच एक पायरी कोल्ड प्लग लावून पाहावा. एकदम दोन पायऱ्या बदलल्या तर दोष प्लगचा की कार्ब्युरेटरमधल्या, इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या नीडलचा, हे कळेनासे होते.

सर्वांत जास्त नुकसान होते ते बसवताना. साध्या प्लगखाली तांब्याचा वॉशर लागतो. टर्बो प्लगला वॉशर नसतो. त्याचा निमुळता भाग हेडमधल्या तशाच निमुळत्या जागेत घट्ट बसून दाब रोखतो. दोहोंचे आटे वेगळे असल्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही, आणि इंजीन कोणत्या प्रकारचे आहे हे न पाहता घेतलेला प्लग फुकट जातो. जुना प्लग काढण्यापूर्वी हेडवरची तांबडी धूळ ब्रशने किंवा फुंकून पूर्ण साफ करावी, कारण तिचा एक कण सिलिंडरमध्ये पडला तरी पिस्टन आणि स्लीव्हवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) ओरखडा उमटतो. मग इंजीन थंड असताना, आट्यांना तेलाचा एक थेंब लावून, नवा प्लग निव्वळ बोटांनी फिरवत न्यावा. तो वाकडा जात असेल तर पहिल्याच वेढ्यात बोटांना अडखळल्यासारखे जाणवते. पान्याने ते कळत नाही. पाना फक्त शेवटी, प्लग टेकल्यावर थोडा आवळण्यापुरता लावावा. हेड ॲल्युमिनियमचे असते. गॅरेजमध्ये दुचाकीच्या सवयीने जोर लावून आटे गेलेली हेडे मी हातात घेऊन पाहिली आहेत, आणि तसे झाले की बहुधा हेडच बदलावे लागते. मोटारसायकलच्या १२ व्होल्ट बॅटरीवर प्लग तापवून पाहण्याचा उद्योग तर कोणीच करू नये. तार त्या क्षणी जळून जाते.

काढलेला प्लग लगेच फेकू नये, उजेडात भिंगाखाली धरावा. तार चकचकीत आणि वेटोळे सारख्या अंतरावर असेल तर जुळणी ठीक आहे. तार राखाडी आणि खरखरीत दिसली तर प्लग थकला आहे. वेटोळे दबून वाकडे झाले असेल तर मिश्रण वेळेआधी पेटत आहे किंवा इंधन कमी जात आहे, आणि नीडल न तपासता नवा प्लग लावला तर तोही तसाच जाईल. तारेवर धातूचे बारीक कण चिकटलेले दिसले तर बेअरिंग तपासावे.

गोव्याच्या दमट हवेचाही विचार हवा. मेथनॉल हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे पावसाळाभर अर्धवट उघड्या राहिलेल्या डब्यातल्या इंधनावर इंजीन नीट चालत नाही आणि दोष मात्र प्लगला दिला जातो. डबा घट्ट बंद ठेवावा, आणि हे इंधन शीतपेयाच्या बाटलीत कदापि भरू नये. मेथनॉल पोटात गेल्यास दृष्टी जाते, जीवही जातो. शिवाय त्याची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. लहान मुले असलेल्या घरात याबाबत पालकांनी स्वतः लक्ष घालावे.

छंदाच्या वस्तू विकणाऱ्या राज्यातील दुकानदारांना माझी विनंती आहे की, प्लग देण्यापूर्वी त्यांनी गिऱ्हाईकाला इंजिनाची क्षमता, इंधनातील नायट्रोचे प्रमाण आणि प्लग साधा की टर्बो, एवढे तरी विचारावे, आणि साध्या प्लगसोबत वॉशर आहे ना, हे त्याच्यासमोर पाहावे. आपल्या वृत्तपत्राच्या युवक पुरवणीत या विषयाला थोडी जागा मिळाली, तर ही माहिती गावोगावच्या मुलांपर्यंत पोहोचेल.

आपला,
एक वाचक, डिचोली