चाकाच्या मधलं भोक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गाडीला ‘स्पोर्टी लूक’ कमी खर्चात कसा द्यावा, हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख मी इथे मिशिगनमध्ये ई-पेपरवर वाचला. मोठी मॅग व्हील्स घाला आणि गाडी खाली बसवा, हे त्याचं सार. फोटो झकास होते. पण चाकाच्या मधल्या भोकाबद्दल त्यात अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र. त्या भोकाने मला तीन महिने छळलं आहे.

माझी गाडी २०१३ची सेकंडहँड सुबारू बीआरझेड. दोन दारं, मागची सीट नावापुरती, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. कंपनीची चाकं १७ इंची, रुंदी ७ इंच, पाच नट, पीसीडी (म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) १०० मिलिमीटर, टायर २१५/४५ (रुंदी २१५ मिलिमीटर, उंची तिच्या ४५ टक्के). हौसेने मी १८ इंची घेतली. दुकानदार म्हणाला, डोळे झाकून बसतील. पाचही भोकं जुळली, नट आवळले, फोटो काढून चिंचवडला पाठवलेसुद्धा!

हायवेला ताशी पासष्ट मैलांवर स्टिअरिंग थरथरायला लागलं. दोनदा बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, फरक शून्य. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने चाक उतरवून आधी हबला (गाडीचा जो मधला गोल भाग चाकाच्या भोकात बसतो त्याला) आणि मग चाकाच्या भोकाला व्हर्निअर लावला. हब ५६.१ मिलिमीटर, भोक ७३.१. म्हणजे चाक हबवर टेकलेलंच नव्हतं, सगळी भिस्त नटांवर. निमुळत्या नटांनी चाक आपोआप मध्यावर येतं म्हणतात. माझं आलं नव्हतं. एकच चाक अनेक गाड्यांना चालावं म्हणून बाजारातल्या चाकांचं भोक मोठं ठेवतात आणि ती फट भरायला बांगडीएवढं एक कडं मिळतं. किंमत किरकोळ. दुकानदार तेच द्यायला विसरला होता. चार कडी घातली आणि थरथर गेली.

मग मार्च आला. बर्फ वितळल्यावर इथले रस्ते असे फुटतात की पुण्याच्या पावसाळ्याची आठवण यावी. १७ इंचीवर २१५/४५ टायर असताना रिम आणि रस्ता यांच्यात ९७ मिलिमीटर रबर होतं. १८ इंचीवर २१५/४० घातल्यावर उरलं ८६. बाहेरून दोन्ही चाकं जवळपास सारख्याच उंचीची, मीटरही चुकत नाही. पण ते गेलेले अकरा मिलिमीटर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात कळले. रिमची आतली कड वाकली.

सस्पेन्शनची गोष्ट याहून लाजिरवाणी. स्वस्तातले कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड) घेऊन गाडी दीड इंच खाली आणली. गाडी खाली गेली की शॉकअपला दबायला जागा तेवढीच कमी उरते, हे मेकॅनिकल इंजिनिअर असून मी सोयीस्करपणे विसरलो. स्प्रिंग कडक आणि शॉकअप कुचकामी, त्यामुळे रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर गाडी बेडकासारखी उडायची. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पहिल्याच हिवाळ्यात उंची कमी-जास्त करायच्या कड्या गंजून जाम झाल्या. दुसऱ्या हिवाळ्यात मागचा एक शॉकअप गळायला लागला. तेव्हा मुकाट्याने कंपनीचेच शॉकअप आणि स्प्रिंगा परत लावल्या. नशीब, भंगारात दिल्या नव्हत्या. आता हिवाळाभर गाडी गॅरेजमध्येच असते.

खरा फरक पडला तो टायरने. कंपनीचे मिशलँ प्रायमसी टायर शांत सेडानला शोभणारे. त्यांच्या जागी चांगल्या पकडीचे उन्हाळी टायर आणि हलकी १७ इंचीच चाकं घातली, या वेळी भोक मोजून. गाडी बदलल्यासारखी वाटली. हेच पैसे पहिल्यांदा इथे घातले असते तर निम्म्यात भागलं असतं. (आणि लेखात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा एका ओळीत तरी उल्लेख हवा होता. मूळ गाडीत किती फेरफार चालतात हे वाचकाला आरटीओच्या दारात कळू नये.)

कंपनीची जुनी चाकं सध्या गॅरेजमध्ये पडून आहेत. चिंचवडच्या पुतण्याकडे पोलो आहे. तिचाही पीसीडी १००, पाच भोकं. चाक दहाएक किलोचं, म्हणजे एका बॅगेत दोन, दिवाळीला येताना काका चारही आणतील, असा त्याने हिशेब मांडला. मी सांगितलं, पोलोचा हब ५७.१, या चाकांचं भोक ५६.१, म्हणजे चाक एका मिलिमीटरने अडणार. शिवाय तुला लागतात बोल्ट, माझे आहेत नट.

परवा त्याचा फोन आला. भोसरीत एक लेथवाला बघून ठेवलाय म्हणे, भोक मोठं करून द्यायला तयार आहे.

आपला एक जुना वाचक,
नोव्हाय, मिशिगन (मूळचा चिंचवडचा)