आकारीपड वावराबद्दल दिनकरास

पारोळा

प्रिय दिनकर,

तुझं पत्र मिळालं. तुमच्या सातबाऱ्यावरही ‘सरकार, आकारीपड’ असंच आहे, म्हणजे सारा थकला म्हणून वावर सरकारजमा झालेलं, आणि ते परत मिळवायला तू दावा टाकायला निघालास, हे वाचून राहवलं नाही. थोडं थांब. आम्ही त्याच वाटेने गेलो आहोत.

1972 च्या दुष्काळात आजोबांचा शेतसारा थकला, तगाईही, म्हणजे सरकारी शेतीकर्जही, थकली. लिलाव पुकारला, पण बोली लावणार कोण? सगळं गावच होरपळलेलं. शेवटी सरकारनेच नाममात्र बोलीवर वावर घेतलं. महसूल संहितेच्या कलम 220 प्रमाणे 12 वर्षांत थकबाकी भरली असती तर ते परत मिळालं असतं. हे आजोबांना कुणी सांगितलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे वडील तेच वावर सरकारकडून एकसाली, म्हणजे एकेका वर्षाच्या पट्ट्याने, घेऊन कसायचे. “वावर आपलंच शे,” म्हणायचे आणि दरवर्षीची पावती पत्र्याच्या पेटीत जपायचे. सरकारविरुद्ध वहिवाटीने हक्क सांगायला 30 वर्षांचा कब्जा लागतो. आमचा त्याहून जुना, म्हणून मी ती पेटीच वकिलांपुढे ठेवली. ते म्हणाले, “पट्ट्याने घेतली म्हणजे मालक सरकार, हे तुम्हीच दरसाल कबूल केलंत.” दिनकर, वडिलांनी जिवापाड जपलेले ते कागद आमच्याच विरुद्ध जात होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

म्हणून तुझ्याकडे एकसाली पावत्या असतील तर वहिवाटीचा मुद्दा काढूच नकोस. आधी लिलावाच्या वेळचा फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची तलाठ्याकडची नोंद, आणि जुने उतारे यांची नक्कल काढून घे. लिलाव खरंच कायम झाला होता का, ते त्यातून कळेल. लिलावच झाला नसेल तर गोष्ट वेगळी: त्याच संहितेच्या कलम 20 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशी मागता येते. पण तो निकाल विरुद्ध गेला तर दिवाणी दाव्याला एकच वर्ष मिळतं, आणि त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती तारीख चुकवू नकोस. सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे, हे खरं. पण ती खोटी ठरवायची जबाबदारी आपल्यावरच येते.

लिलाव रीतसर झाला असेल तर कोर्टाच्या पायऱ्या नकोत. 12 वर्षं उलटलेल्या आकारीपड जमिनीही मूळ खातेदारांना किंवा वारसांना परत द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये घेतला आहे. आम्ही त्याच आधारावर अर्ज केलाय. तिथे मात्र आजोबांपासूनची वारसनोंद लागते. आत्यांची नावं राहिली असतील तर आधी ती लाव.

फेरफाराची नक्कल मिळाली की रविवारी घेऊन ये. मोडी वाचणारे एक गुरुजी इथे आहेत, गरज पडली तर त्यांच्याकडे जाऊ. आईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
रमेश