‘टी’ला ये, असे कोणी म्हटले तर

वाई

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. शेजारच्या आजींनी ‘हाफ फाइव्हला टीला ये’ म्हणून सांगितले, तेव्हा तू खोलीवर वरणभात पोटभर जेवून, बिस्किटांचा पुडा घेऊन गेलीस आणि तिथे टेबलावर मटणाचा ‘पाय’ (म्हणजे मांस भरून भाजलेला पीठाचा पदार्थ), उकडलेले बटाटे, वाटाणे आणि ग्रेव्ही मांडलेली पाहून तुला घाम फुटला, हे वाचून तुझी आई हसून हसून बेजार झाली. मला मात्र फारसे हसू आले नाही, कारण चूक तुझी नसून माझी आहे. ‘टी म्हणजे चहा, लंच म्हणजे दुपारचे जेवण, डिनर म्हणजे रात्रीचे जेवण’ असे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहून देत आलो आणि तेच तुझ्याही वहीत उतरले.

तू राहतेस त्या लीड्समध्ये, आणि एकूणच इंग्लंडच्या उत्तर भागात, पुष्कळ घरांत दुपारच्या जेवणाला डिनर म्हणतात आणि कामावरून परतल्यावर पाच-सहाच्या सुमारास होणाऱ्या जेवणाला टी म्हणतात. शाळेत दुपारी मुलांना वाढणाऱ्या बायकांना तिकडे ‘डिनर लेडी’ म्हणतात, हे मी कितीदा वाचले होते. तरी फळ्यावरचे वाक्य बदलावे, असे मला एकदाही सुचले नाही.

डिनर हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे तो उपास सोडण्याचा, म्हणजे जो ब्रेकफास्टचा आहे तोच. पुढे दिवसाच्या मुख्य जेवणाला डिनर म्हणू लागले आणि ते जेवण कित्येक शतके दुपारीच होत असे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत सुखवस्तू घरांतले डिनर हळूहळू संध्याकाळकडे आणि मग रात्रीकडे सरकत गेले, तेव्हा मधल्या वेळच्या भुकेसाठी लंच आले. तेवढ्यानेही भागेना, म्हणून 1840च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी चार-पाच वाजता चहाबरोबर थोडे खाण्याची प्रथा पाडली, असे सांगतात. गिरणीत आणि खाणीत राबणाऱ्यांना असली सरकासरक परवडणारी नव्हती. त्यांचे डिनर दुपारीच राहिले आणि संध्याकाळी घरी आल्यावर ते कडक चहाच्या किटलीबरोबर मांस, पाव, चीज असे भरपेट जेवू लागले. किटलीतल्या पेयाचे नाव मग ताटातल्या जेवणालाच चिकटले. या जेवणाला ‘हाय टी’ असेही म्हणत. आपल्याकडची मोठी हॉटेले पेस्ट्री आणि चिमुकली सँडविचे मांडून त्यालाच हाय टी म्हणतात, ती गंमत तुझ्या आजींना जरूर सांग.

टी या शब्दाचा प्रवासही तुला आवडेल. चीनच्या फुजियान किनाऱ्यावरच्या बोलीत चहाला ‘ते’ म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी माल नेला, त्याच्याबरोबर हा शब्दही युरोपात गेला. मकावमार्गे व्यापार करणाऱ्या पोर्तुगिजांनी मात्र ‘चा’ उचलला, आणि आपला चहा, फारसी-तुर्की-रशियन चाय हे सगळे त्याच ‘चा’च्या गोतावळ्यातले. लंडनमधल्या सॅम्युअल पीप्सने 25 सप्टेंबर 1660च्या रोजनिशीत, आपण पूर्वी कधी न घेतलेले ‘टी’ नावाचे चिनी पेय मागवल्याची नोंद केली आहे. तिकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘कप ऑफ चार’ असेही येते. ते ऐकून चार या आकड्याचा विचार करू नकोस, तो आपल्या चहाचाच भाऊबंद आहे. नुसता चहा हवा का, असे विचारायचे असेल तर तुझ्याकडे बहुधा ‘ब्रू’ म्हणतील.

‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच हे तू बरोबर ओळखलेस, ते बरे झाले. तुझ्या वर्गातल्या जर्मन मुलीला सांगशील तेव्हा मात्र जपून, कारण तिच्या भाषेत ‘अर्धे पाच’ म्हणजे साडेचार, आणि ती बिचारी तासभर आधीच दारात उभी राहील.

पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावणे आहे, असे लिहिले आहेस. या वेळी दुपारी हलकेच काहीतरी खा आणि जेवायचे आहे असे धरूनच जा. बिस्किटांऐवजी लहानसा फुलांचा गुच्छ ने. पानात पडलेले संपवता येणार नसेल, तर वाढायला घेताच सांग. टाकलेले पाहून त्यांना आपल्याइतकेच वाईट वाटते.

आईचा एकच प्रश्न आहे. पोट तुडुंब भरलेले असताना तू त्या ‘पाय’चे शेवटी केलेस काय? ते तू पत्रात लिहिलेच नाहीस.

तुझा,
बाबा