लेकीच्या पहिल्या बेस गिटारसाठी

अमळनेर
रविवार

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो आम्ही दोघांनी पाहिला. पाच तारांचा, काळा, चकचकीत, आत बॅटरी असलेला बेस, आणि खाली तुझी ओळ, "अँप पुढच्या वर्षी घेऊ, तोवर मोबाईलला जोडून वाजवते." बेस घ्यायचा हे आमच्याकडून पक्कं आहे. यंदाची लग्नसराई चांगली गेली, त्यातले पस्तीस हजार मी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेत. मोठी मायही म्हणाली, "पोरले चांगलं ली दे." पण फोटोतला बेस घेऊ नकोस, आणि अँपशिवाय, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याशिवाय, तर कुठलाच घेऊ नकोस. फोनवर एवढं सगळं बोलून होत नाही, म्हणून लिहून पाठवतो.

आधी अँपचं सांगतो, कारण साऊंडच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं आणि हा भाग मला हाताने माहीत आहे. साध्या लाकडी गिटारला पोकळ पोट असतं, आवाज तिथे मोठा होतो. बेसचं अंग भरीव. अँपविना तार छेडलीस तर खोलीच्या दारापर्यंतसुद्धा नीट पोचत नाही. मग ऐकू यावं म्हणून हात आपोआप जोर लावतो, बोटं तारेवर आदळायला लागतात, आणि ही सवय लागली की सुटता सुटत नाही. बेसवाल्याचं खरं काम तार हलकी छेडणं आणि वेळेवर दाबून बंद करणं. सूर कुठवर चालू द्यायचा आणि कुठे तोडायचा, हे कानाला स्पष्ट ऐकू आलं तरच हाताला कळतं. म्हणून अँप पहिल्या दिवसापासून पाहिजे.

बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर सुमारे 41 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 41 कंपनं. पुढच्या तीन तारा 55, 73 आणि 98 च्या. आपल्या गोदामातली 18 इंची बेसची खोकी ज्या पट्टीत घुमतात, तीच ही पट्टी. इतका खालचा सूर काढायला स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते. तुझ्या मैत्रिणीकडे गिटारचा अँप आहे म्हणालीस. त्याला बेस लावू नका. अगदी हळू आवाजात चालून जाईल, पण आवाज वाढवला की त्याचा कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, झेपेल त्यापेक्षा जास्त आत-बाहेर होतो, कॉईल घासते, नाहीतर कोनच फाटतो. अशी उडालेली युनिटं दुरुस्तीला माझ्याकडे येतच असतात, आणि बहुतेकांचं कारण हेच असतं: स्पीकर एका कामाचा, आणि त्याला जुंपलं दुसऱ्याच कामाला.

तुला होस्टेलच्या खोलीसाठी 15 ते 25 वॉटचा, 8 इंची स्पीकरचा, बेससाठीच बनवलेला छोटा अँप पुरे. आता तू विचारशील की 8 इंची स्पीकर 41 हर्ट्झ काढतो का? पुरेसा नाही काढत. पण त्याच तारेतून 82, 123 असे वरचे सूरही निघत असतात, ते तो नीट काढतो, आणि आपला मेंदू त्यांच्यावरून खालचा सूर स्वतः जुळवून घेतो. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं. लग्नातल्या ढोलाचा आवाज मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरवरही ढोलासारखा ओळखू येतो, त्यामागेही मेंदूची हीच करामत बरीचशी असते. चांगल्या हेडफोनवर मात्र तुला त्या छोट्या अँपपेक्षा जास्त खोल आवाज ऐकू येईल. म्हणून अँपला दोन जागा आहेत का ते आधी बघ: एक हेडफोनची, म्हणजे रात्री अकरा वाजताही वाजवता येईल आणि रेक्टरबाईंची तक्रार येणार नाही, आणि दुसरी ऑक्सची, म्हणजे मोबाईलवर गाणं लावून त्याच्याबरोबर वाजवता येईल. फेंडर कंपनीच्या रंबल 25 अँपला या दोन्ही आहेत आणि स्पीकर 8 इंची आहे. तसाच दुसऱ्या कंपनीचा मिळाला तरी चालेल.

दुकानदार म्हणेल, थोडे पैसे टाका आणि 50 वॉटचा घ्या, दुप्पट आवाज. तसं होत नाही. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो; कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. ड्रमवाल्याबरोबर उभं राहायचं तर किमान 100 वॉट आणि मोठा स्पीकर पाहिजे, त्याच्या अधलंमधलं काही घेण्यात अर्थ नाही. गॅदरिंगला तुमचा बँड वाजेल तेव्हा आपलं सिस्टिम मी स्वतः घेऊन येईन. फक्त बेसची वायर सरळ मिक्सरच्या लाईनमध्ये खोचायची नाही. बॅटरी नसलेल्या बेसचा सिग्नल नाजूक असतो, मिक्सर त्याला ओढून घेतो आणि आवाज बोथट होतो. मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, लागतो. माझ्याकडे दोन पडून आहेत, एक तुला देतो.

आता बेस. पाचवी तार तुला आत्ता नको. ती चारांच्याही खाली, 31 हर्ट्झपर्यंत जाते, आणि तुझा छोटा अँप तिथे हात टेकेल. शिवाय नेक, म्हणजे तारा दाबायचा लांब दांडा, रुंद होतो, आणि न वाजणाऱ्या तारा दाबून गप्प ठेवायला एक तार वाढते, जे नवशिक्याला सगळ्यात जड जातं. 1951 साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस आणला तो चारच तारांचा होता आणि त्यात बॅटरी नव्हती. त्याआधी खालचा सूर माणसाएवढ्या उंच उभ्या डबल बेसवर वाजायचा. तो न्यायला अवघड, आणि बँडच्या गलक्यात ऐकू न येणारा. 1960 साली त्याच कंपनीचा जॅझ बेस आला. आज दुकानात दिसतील ते बरेचसे बेस या दोघांचीच मुलं-नातवंडं. तुझ्यासाठी यातला एक फरक महत्त्वाचा आहे: डोक्याकडच्या बाजूला प्रिसिजनचा नेक सुमारे 42 मिलीमीटर रुंद असतो, जॅझचा सुमारे 38. तुझी बोटं तुझ्या आईसारखी लहान आहेत. जॅझच्या धर्तीचा नेक हातात घेऊन बघच.

लांबीचंही तसंच. बेसच्या तारेची नेहमीची लांबी 34 इंच. 30 इंचीही मिळतो, त्याला शॉर्ट स्केल म्हणतात. नेकवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर 34 इंचीवर 5 इंचांच्या थोडं वर भरतं, 30 इंचीवर साडेचार. अर्धा इंच दिसायला थोडा, पण तासभर वाजवल्यावर मनगटाला कळतो. मात्र लहान हात म्हणजे शॉर्ट स्केलच, असं समजू नकोस. डबल बेसवाले खालच्या सुरांवर चार फ्रेट चार बोटांनी ताणून धरतच नाहीत. ते तीनच फ्रेट धरतात, अनामिका आणि करंगळी एकत्र टेकवतात आणि हात सरकवतात. त्या पद्धतीने 34 इंची जमत असेल तर तोच घे, कारण त्याची जाड तार जास्त ताणलेली असते आणि सूर स्पष्ट निघतो. दोन्ही वाजवून तुझ्या हाताला ठरवू दे.

बॅटरीचा बेस वाईट नसतो. पण वायर खोचून ठेवलीस की आतली 9 व्होल्टची बॅटरी रात्रभर उतरत राहते आणि ऐन वेळी आवाज घोगरा होतो. पहिल्या बेसमध्ये जितकं कमी तितकं बरं. यामाहाचा टीआरबीएक्स 174 चार तारांचा आणि बॅटरीविना आहे. त्यात पुढे प्रिसिजनसारखा आणि मागे जॅझसारखा पिकअप (तारेचं कंपन पकडणारा भाग) आहे, म्हणजे दोन्ही जातींची ओळख एकाच वाद्यात होते. आयबानेझचा जीएसआर 200 हलका आणि हाताला सोपा, पण त्याला बॅटरी लागते. स्क्वायर ही फेंडरचीच स्वस्तातली कंपनी, तिचेही बघ. नावावर जाऊ नकोस. एकाच मॉडेलचे दोन बेस शेजारी ठेवले तरी एक हाताला बसतो आणि एक बसत नाही, म्हणून ऑनलाईन मागवायला माझा विरोध आहे.

दुकानात असं कर. पट्टा लावून उभी राहा आणि दोन्ही हात सोड. डोकं जमिनीकडे लोंबलं तर तो बेस ठेवून दे, नाहीतर डावा हात सूर धरण्याऐवजी वाद्यच धरत बसेल. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजव. घाई करू नकोस, दुकानदार कंटाळला तरी चालेल. कुठे खरखर होते, कुठे सूर लगेच मरतो, हे लक्षात येईल. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्श करून छेड, मग तिथेच दाबून छेड. दोन्ही सूर ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजायच्या यंत्रावर, जुळले पाहिजेत. बटणं फिरवून बघ, करकर आली तर आत धूळ आहे. नेकच्या कडेवरून तळहात फिरव, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. आपल्याकडे हे जास्तच बघायला हवं, कारण कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फ्रेटचा धातू तेवढा आकसत नाही, आणि टोकं बाहेर येतात.

घेतल्याबरोबर सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि नेकचा बाक यांची जुळणी, करून घे, तेवढे पैसे मी धरलेत. तारा उंच असल्या तर नवशिक्या आठ दिवसांत हात टेकतो आणि दोष स्वतःच्या बोटांना देतो. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलीमीटरच्या आसपास जागा असावी. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची सळई असते, तिने नेकचा बाक कमी-जास्त होतो. मेमध्ये जळगाव 45 अंशांपर्यंत जातं आणि महिन्याभरात पाऊस लागून हवा ओली होते. नेक तेव्हा हलणारच. सळई एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायची नाही, आणि पहिल्यांदा जाणत्यासमोरच फिरवायची. बेस गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत कधीही ठेवू नकोस.

यापुढचं नीट वाच, हे जिवाचं आहे. बेसच्या तारा ब्रिजमधून (तारा अंगावर जिथे अडकवतात ती पट्टी) आणि वायरमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणून घूं असा आवाज येत असेल तर तारांना हात लावल्यावर तो कमी होतो. होस्टेलच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घे. अँपची तिसरी पिन कापून दोन पिनेत खोचू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. अँप एका लाईनवर आणि माईकचं मशीन दुसऱ्या लाईनवर असेल, त्यातल्या एकाला अर्थिंग नसेल, तर तारांवर हात आणि माईकला ओठ लागल्याक्षणी शॉक बसतो. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेत जनरेटरवर स्टेज लागतं, तेव्हा मी आधी वाळूत सळई ठोकतो, मिठाचं पाणी ओततो, टेस्टरने बघतो आणि मगच कलाकाराच्या हातात माईक देतो. तूही कुठे वाजवायला गेलीस तर हे विचारल्याशिवाय वायर खोचायची नाही.

तू म्हणालीस की मुली बेस वाजवताना दिसत नाहीत. मुंबईची मोहिनी डे ऐक. ती बेसच वाजवते, तिचे वडील बेसवादक आणि ती आधी त्यांच्याकडेच शिकली. मला वाद्य वाजवता येत नाही, तेव्हा बोटांचं तुला दुसऱ्या कुणाकडून शिकावं लागेल. आवाजाचं जेवढं मला येतं तेवढं सगळं तुझं.

पैशांचा हिशेब मी असा धरलाय: वीस-एकवीस बेसला, दहा-अकरा अँपला, उरलेल्यात सेटअप, ट्यूनर, रुंद पट्टा, पिशवी आणि तारांचा एक जादा सेट. वायर विकत घेऊ नकोस, पी-38 जॅक (मोठी पिन) लावून शिल्डेड, म्हणजे बाहेरची घरघर अडवणारं जाळीचं वेष्टण असलेली, वायर मीच बनवून देतो. स्पीकरची वायर दिसायला तशीच असते, पण तिला शिल्ड नसतं, ती बेसला वापरायची नाही. पुढच्या रविवारी मी सकाळच्या गाडीने जळगावला येतो, तिथून आपण नाशिकला जाऊ. उजव्या हाताची नखं कापून ठेव, नाहीतर दुकानात तारेचा खरा आवाज कळणार नाही.

तुझे
आप्पा