सूचना : रविवारी वेबसाइटचा बॅकअप चढवून पाहायचा आहे

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता दांडिया बाजारातल्या आपल्या खोलीवर जमायचं आहे. मंडळाची वेबसाइट आपण भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःच चालवतो. ते सगळं काम सांभाळणारे आपले सभासद पुढच्या महिन्यात नोकरीनिमित्त पुण्याला चालले आहेत. त्याआधी निदान तिघांनी तरी ते शिकून घ्यायलाच हवं.

बॅकअप रोज रात्री निघतो, पण तो परत चढवता येतो की नाही, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आपली साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालते. त्यात मजकूर डेटाबेसमध्ये राहतो आणि फोटो 'अपलोड्स' फोल्डरमध्ये. नुसता डेटाबेस घेतला, तर गणेशोत्सवाच्या फोटोंच्या जागी रिकामे चौकोन दिसतील. रविवारी दोन्ही घेऊन वेगळ्या लॅपटॉपवर साइट उभी करू.

साइटशी जोडणी सुरक्षित असल्याचं ब्राउझरला दाखवणारं सर्टिफिकेट आपण लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेकडून घेतो, ते ९० दिवस चालतं. सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवं करतो, पण कुठे अडलं तर मुदत संपत आल्याची ईमेल आता येत नाही. ती ईमेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये बंद केलं. म्हणून तारीख तपासायच्या पाळ्या लावू.

लॅपटॉप आणि चार्जर आणावा. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल, बघून नीट टाइप करता आलं की पुरे. निवृत्त मंडळींनी तर आवर्जून यावं, अशा कामाला लागणारी चिकाटी त्यांच्याकडे आहे.

पासवर्ड या ग्रुपवर कुणी टाकू नयेत, मागूही नयेत. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावं.

— कार्यवाह