काका, गाडीतला पेट्रोलचा वास गेला एकदाचा

काका,

नाव लिहायचं नाही अशी तंबी दिलीयत म्हणून नुसतं काका. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ते राहू दे, गरम गाडी परत लगेच स्टार्ट होते का ते सांग" असं म्हणून विषयच बदलता, म्हणून आता लिहूनच टाकतो, इथे तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्याकडे १९६९ ची एमजीबी आहे, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, उघड्या टपाची. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांच्या वर बनल्या, म्हणजे फार दुर्मिळ वगैरे काही नाही, पण पार्ट मिळतात आणि सगळं नट-बोल्टचं काम असल्यामुळे माझ्यासारख्या हौशी माणसालाही जमेल असं वाटून घेतली. आणि दीड वर्ष त्या गाडीत पेट्रोलचा वास. कपड्यांना वास, केसांना वास, बायको म्हणायची तू घरी येण्याआधी तुझा वास येतो. मी त्या दीड वर्षात पेट्रोल पंप बदलला, फिल्टर बदलला, सगळे रबरी पाइप बदलले, टाकीचं झाकण बदललं, आणि दर वेळी दोन दिवस वाटायचं की गेला, तिसऱ्या दिवशी परत हजर. शेवटी एकाने तुमचा नंबर दिला आणि म्हणाला हे गाडी न बघता सांगतात. मला खोटं वाटलं होतं, आता कबूल करतो.

पहिल्या फोनला तुम्ही विचारलंत, "वास कधी येतो?" मी म्हटलं कुठून येतो तेच तर कळत नाहीये. तुम्ही म्हणालात कुठून ते मी विचारलंच नाही, कधी ते सांग. मी म्हटलं कायम येतो. "कायम असं काही नसतं रे. पाना खाली ठेव आणि वही घे." खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मी वैतागलो होतो, दीड वर्ष घालवलेल्या माणसाला वही घे म्हणजे काय.

पण वहीच्या आधी तुम्ही जे करायला लावलंत ते सगळ्यांनी वाचावं. गाडी बंद गॅरेजमधून बाहेर, मोकळ्या हवेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, खाली जमिनीलगत साठते, खड्डा असेल तर खड्ड्यात, आणि पेट्रोल उणे चाळीस अंशाच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे "थंडी आहे, काही होत नाही" याला अर्थ नाही. साधा पिवळा बल्ब लावून गाडीखाली शिरायचं नाही, तो फुटला तर संपलं. बॅटरी सोडवायची, आणि माझ्या गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे फ्लोअरखाली आहेत आणि पेट्रोल पंप त्यांच्या शेजारीच, म्हणजे जिथे गळायची शक्यता तिथेच ठिणगीची पण. बॅटरीची वायर सोडवायच्या आधीसुद्धा वाफ जाऊ द्यायची, कारण ती सोडवतानाच ठिणगी पडते. हे मला माहीत नव्हतं. थेंब पडताना दिसला तर गाडी चालवायचीच नाही, वही वगैरे नंतर. आणि हे सगळं बजावून झाल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं की हवा कुठून येते ते बघायला आत थोडा धूर करून बघू का. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. त्या शांततेबद्दल पण थँक्यू.

दुसरी गोष्ट, "तुझं नाक बाद." पेट्रोलच्या वासात थोडा वेळ राहिलं की नाक त्याची दखल घेणं बंद करतं, आणि मी तर दीड वर्ष त्यातच होतो. मग पोरीला कामाला लावलं, ती शाळेतून आली की गाडीजवळ जायची, आधी बोनेटपाशी, मग चाकापाशी, मग डिकीपाशी, आणि शून्य ते पाच मार्क द्यायची. परीक्षक म्हणून फार कडक आहे, शून्य कधी दिलाच नाही.

दोन आठवड्यांनी वही वाचून दाखवली तेव्हा मला स्वतःलाच दिसलं की हा एक वास नाहीच. एक वास चावी ऑन केल्यावर पुढून यायचा. एक वास टाकी फुल केल्यावर दोन-तीन दिवस मागून यायचा, विशेषतः वळणावर, आणि मग आपोआप जायचा. आणि एक वास टप लावून काच खाली केली आणि वेग घेतला की आत भरायचा, काच वर केली की कमी. मी दीड वर्ष एकच चोर शोधत होतो आणि होते तीन. म्हणून तर प्रत्येक वेळी काहीतरी बदललं की दोन दिवस बरं वाटायचं, ते पार्टमुळे नव्हतंच, टाकी अर्धी झालेली असायची.

पुढचा वास तुम्ही फोनवरच पकडलात, खरंच. "चावी ऑन कर, इंजिन चालू करू नको, फोन पंपाजवळ धर." आमच्या गाडीतला एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप टिक टिक करतो, कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देतात ते) भरले की त्याने थांबायला पाहिजे, फार तर अर्ध्या मिनिटात एखादी टिक. माझा तीन-चार सेकंदाला एक टिक करत होता आणि मी आजवर त्याला गाडीचं कॅरेक्टर समजत होतो! मग कार्बोरेटरच्या अलीकडे पाइप क्लॅम्पने दाबायला लावलात, टिक टिक बंद. म्हणजे पंप ठीक, मागची लाइन ठीक, पेट्रोल जातंय ते क्लॅम्पच्या पुढे. (क्लॅम्प लावूनही टिक चालू राहिली असती तर पंपाचा स्वतःचा व्हॉल्व्ह किंवा टाकीकडून येणाऱ्या बाजूला हवा ओढली जातेय असं समजायचं, हेही तुम्ही सांगितलेलं, विसरलो नाही.) पुढच्या कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरची (म्हणजे पेट्रोल साठायच्या छोट्या भांड्याची, आत तरंगणारा फ्लोट असतो) जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणारी ओव्हरफ्लो नळी खालून ओली होती, आणि ती नळी उतरते कुठे तर गरम एक्झॉस्टच्या शेजारून. ते बघून घाम फुटला मला.

झाकण उघडलं तर फ्लोट चेंबरच्या तळाला काळे काळे कण, चहापत्तीसारखे. मी म्हटलं गंज. तुम्ही म्हणालात बोटाने चोळ. चोळले तर पसरले, रबर होतं. कुठलं रबर? मी स्वतः वर्षभरापूर्वी बसवलेल्या नव्या पाइपचं! वरून चकाचक, आतून सोललेला. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, साधं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, मग वाळल्यावर तडकतं, आणि दुकानात "पेट्रोलचा पाइप" म्हणून जे दिलं ते मी काही न वाचता घेतलं होतं. आतून फ्लुओरो रबरचं अस्तर असलेला आर-९ ग्रेडचा पाइप घ्यायचा आणि ते अक्षर पाइपवर छापलेलं स्वतः वाचायचं, हा तुमचा नियम आता माझ्या गॅरेजच्या भिंतीवर आहे. म्हणजे वास घालवायला मी जो पाइप बदलला त्याच पाइपचे तुकडे नीडल व्हॉल्व्हमध्ये (चेंबर भरलं की फ्लोटने बंद होणारी पेट्रोलची झडप) अडकून तो बंद होत नव्हता आणि चेंबर ओसंडत होतं. स्वतःच्या हाताने केलेली दुरुस्ती अशी गळ्यात येते. दोन्ही नीडल व्हॉल्व्ह नवीन टाकले, फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरलंय का ते ऐकलं, एकात खळखळ होती, तो बदलला, फ्लोटची लेव्हल ३ मिलिमीटरच्या आसपास लावली. टिक टिक थांबली. खरं सांगू का, पहिल्या दिवशी ती शांतता ऐकून वाटलं पंप गेला.

तो पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर तुम्ही एक्झॉस्टजवळून काढायला लावलात त्यावरून आपलं थोडं वाजलं होतं. मला तो आवडायचा, पेट्रोल येताना दिसतं. अजूनही आवडतो. पण काढलाय, मागे टाकीजवळ धातूचा लावलाय.

आता टाकी. इथे मी तुमचं ऐकायला कुरकुर केली हे जाहीर मान्य करतो. टाकी मीच दोन वर्षांपूर्वी खालून घासून रंगवली होती, गाडीखाली झोपून बघितलं तर नवीकोरी. म्हणून माझं मत पक्कं होतं की पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी जोड नाहीतर टाकीतली लेव्हल पेट्रोलच्या काट्याला कळवणाऱ्या सेंडरचं सील. तुम्ही म्हणालात दोन्ही बघ, पण आधी दोन आठवडे अर्ध्या टाकीवर चालव. चालवली. मागचा वास शून्य, पोरीने पण शून्य दिला, पहिल्यांदा. परत फुल केली, वळणावर परत वास. जोड बदलला, सील बदललं, तरी वास. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू टाकी खालून बघतोयस. ही टाकी वरून सडते."

रिकामी करून उतरवली. काका, तो फोटो मी तुम्हाला पाठवला तेव्हा माझा हात थरथरत होता. टाकीचा माथा आणि डिकीचा पत्रा यांच्यामध्ये बोटभर फट, चाकांनी उडवलेला चिखल त्यात जाऊन बसलेला, आणि तो चिखल पावसाळ्यापासून ओल धरून तसाच. माथ्यावर गंजाचे फोड, आणि फोड टोकरला तर खाली टाचणीएवढी भोकं, मी सात मोजली मग सोडून दिलं. भोकं वर असल्यामुळे अर्ध्या टाकीला काही नाही, फुल असली आणि वळणावर पेट्रोल उसळलं की तिथून बाहेर, चिखलात जिरायचं आणि दोन दिवस वाफ होत राहायचं. जमिनीवर एक थेंब पडत नव्हता म्हणून मी गळती नाही असं धरून चाललो होतो!

ओळखीचा एक वेल्डर म्हणाला आण, दहा मिनिटात भरून देतो, पेट्रोल तर काढलंयस ना. तुम्हाला सहज सांगितलं तर तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. भरलेल्या टाकीत हवा कमी असते, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा मिसळून बॉम्ब तयार असतो, आणि गंजाच्या पापुद्र्यात आणि सांध्यात जिरलेलं पेट्रोल धुतल्यावरही गरम झालं की परत बाहेर येतं. नवी टाकी टाकली, वरच्या बाजूला आधी दोन हात रंग आणि मेण मारून. डिकीच्या खालचा पत्रा पण साफ केला. वेल्डर अजून म्हणतो उगाच पैसे घातलेस. म्हणू दे.

तिसऱ्या वासात बिघाड असा नव्हताच, तो रस्ता होता. उघड्या टपाच्या गाडीत वेगात पुढच्या काचेच्या मागे दाब कमी होतो आणि मागची हवा पुढे ओढली जाते, डिकीतली, गाडीखालची, सायलेन्सरची पण. म्हणून मागे थोडंसं जरी पेट्रोल सुटलं तरी नाकापर्यंत पोचायचं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रात्री डिकीत टॉर्च लावून झाकण बंद केलं आणि आत अंधारात बसलो. सीटच्या मागे दोन ठिकाणी उजेड. एक वायरिंगचं भोक, त्यात बसायचं रबरी बूच (ग्रोमेट) च नाही, आणि एक कुणीतरी कधीतरी स्पीकरसाठी पाडलेलं. दोन्ही बंद केली. डिकीच्या सीलवर पावडर मारून झाकण लावून उघडलं, डाव्या कोपऱ्यात पावडर उठलीच नाही, म्हणजे तिथे रबर टेकतच नव्हतं. नवीन सील. साध्या लोकरीच्या धाग्याचे तुकडे टेपने चिकटवून गाडी चालवली तर आधी ते पुढे फडफडायचे, आता लोंबतात. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त मजा याच भागात आली, आणि मला वाटतं सायलेन्सरचा विषारी धूर पण याच रस्त्याने आत येत असणार, म्हणजे हे काम पेट्रोल गळत नसतं तरी करायलाच पाहिजे होतं.

शेवटी कार्पेट. मला वाटलं आता काहीतरी सुगंधी टांगावं तर तुम्ही म्हणालात खबरदार, उद्या परत गळलं तर तुला कळणार कसं. खालचं फेल्ट फेकलं, कार्पेट धुऊन आठवडाभर उन्हात.

आता हिशोब सांगतो. तुम्ही गाडी एकदाही बघितली नाहीत. अकरा फोन, वहीत लिहिलेत म्हणून माहीत. एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाहीत, टाकीच्या वेळी तर म्हणायला हरकत नव्हती. आणि मी किती वेळा तोच प्रश्न परत विचारला ते वहीत लिहिलेलं नाही, बरंय.

काल टाकी फुल करून लांब जाऊन आलो. घरी आल्यावर इंजिन बंद केलं की पाचेक मिनिटं बोनेटपाशी हलकासा वास येतो, फ्लोट चेंबर गरम होऊन, तो तुम्ही नॉर्मल म्हणालात म्हणून सोडून दिलाय, पण पोरगी सोडत नाही, तिने एक मार्क दिला आणि खाली तारीख टाकून सही केली. तिला तुमच्याशी बोलायचंय. रविवारी फोन करू का, सकाळी की संध्याकाळी ते सांगा.

तुमचा,
वहीवाला

ता.क. जुनी टाकी फेकली नाहीये. तुम्ही कधी या बाजूला आलात तर वरून बघायला ठेवलीय.